तीच कृती, तोच हात, तरी केक कधी फुगतो कधी बसतो: माप कुठे चुकतं ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी सारखीच असते. "मागच्या वेळी इतका सुरेख झाला होता, या वेळी काय झालं कळलंच नाही." केक असो, नानकटाई असो, नाहीतर दिवाळीची चकली. मग दोष जातो ओव्हनला, मैद्याच्या कंपनीला, पावसाळी हवेला, आणि कोणीच सापडलं नाही तर कोणाची तरी नजर लागलेली असते. माझ्याकडे हे रव्याच्या केकच्या बाबतीत दोन वर्षं चाललं. गुरुवारी केलेला केक बेकरीला लाजवेल असा, आणि रविवारी पाहुण्यांसमोर काढलेल्या केकच्या मधोमध आमटी वाढता येईल एवढा खड्डा.

शेवटी एका दुपारी केक न करता नुसती मोजत बसले. चूक सापडायला वीस मिनिटं लागली. ती कशी सापडली ते आधी सांगते, कारण बहुतेकांची चूक तिथेच असते.

कृती अशी होती: दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, लागेल तसं दूध आणि इनोची एक पुडी. आमच्या मांडणीवर स्टीलच्या वाट्या दोन प्रकारच्या आहेत, दिसायला बहिणी-बहिणी. दोन्हींत काठोकाठ पाणी भरून काट्यावर ठेवलं. एकीत १६२ ग्रॅम पाणी मावलं, दुसरीत २१४. म्हणजे हाताला मोठी वाटी लागली की केक जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा व्हायचा. पण इनोची पुडी वाटी बघून लहान-मोठी होत नाही, ती आपली ५ ग्रॅमची. मोठ्या वाटीच्या पिठाला ती बरोबर पुरायची. लहान वाटीच्या पिठात तीच पुडी जास्त व्हायची, केक भराभर वर यायचा, आतून शिजून धरायच्या आत वायू निघून जायचा आणि मधला भाग खाली बसायचा.

आजीच्या स्वयंपाकघरात हा घोळ का व्हायचा नाही, तेही मग लक्षात आलं. चार वाट्या बेसन, दोन वाट्या पातळ तूप, अडीच वाट्या पिठीसाखर: सगळं एकाच वाटीने. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं, फक्त लाडू चार कमी किंवा चार जास्त होतात. अशा कृतीला काटा लागत नाही. घोटाळा सुरू होतो तो वाटीच्या शेजारी दुसरं परिमाण येऊन बसलं की. एक पुडी, दोन अंडी, १०० ग्रॅमचं बटर, एक डबा, एक चमचा सोडा. तेव्हा कृती बिघडली की पहिला प्रश्न हा विचारा: यात वाटीने न मोजलेलं काय काय आहे?

आधी ठरवा, चूक मापाचीच आहे का

दर वेळी एकाच पद्धतीने बिघडत असेल, म्हणजे केक नेहमीच वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, तर माप सोडा, ओव्हनचं तापमान किंवा मूळ कृती बघा. कधी जमतं आणि कधी नाही, हे लक्षण मापाचं. एक सोपी परीक्षा आहे. कपाने मैदा भरा, काट्यावर टाका, आकडा लिहा. मैदा डब्यात परत ओता, पुन्हा भरा, पुन्हा लिहा. असं पाच वेळा करा. पाचही आकडे पाच-सात ग्रॅमच्या आत असतील तर तुमचा हात बसलेला आहे, चूक दुसरीकडे शोधा. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडत असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

शीग

आपल्याकडे धान्य मापून द्यायचे तेव्हा माप कसं भरायचं यावर भांडणं व्हायची. पायलीवर जो उभा ढीग राहतो ती शीग. शिगेसकट द्यायचं की हात फिरवून सपाट, हे आधी ठरायचं. उत्साह "शिगेला पोहोचतो" तोही त्याच ढिगावर. स्वयंपाकात हा शब्द आपण सोडून दिला आणि तिथेच फसलो. "एक कप मैदा" म्हटल्यावर शीग धरायची की पुसायची, कोणी विचारतच नाही.

मैद्याचं कसं आहे, तो दाबला की बसतो. डबा हलला, आपटला की आतला मैदा घट्ट होतो. अशा डब्यात कप खुपसून ओरबाडून काढला तर २४० मिलीच्या कपात १४०-१५० ग्रॅम मैदा सहज येतो. तोच मैदा चमच्याने उकरून मोकळा केला, चमच्या-चमच्याने कपात घातला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम. दोन कपांच्या केकमध्ये पन्नास-साठ ग्रॅमपर्यंतचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा कप मैदा फुकट जास्त. केक कोरडा, घट्ट, वर तडा गेलेला निघतो तो यामुळे. बहुतेक इंग्रजी कृती सपाट आणि मोकळ्या भरलेल्या कपासाठी लिहिलेल्या असतात. कप ओट्यावर ठोकायचा नाही, बोटाने दाबायचा नाही. ठोकायची सवय आपल्याला पोह्यांच्या आणि तांदळाच्या मापामुळे आहे. तांदूळ ठोकला तर चार दाणे जास्त मावतात, मैदा मात्र मूठभर जास्त मावतो.

शब्दांच्या जागेवरही लक्ष ठेवा. "एक कप चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळा, मग मोजा. "एक कप मैदा, चाळून" म्हणजे आधी मोजा, मग चाळा. दोन्ही मैदे सारखे नसतात. साखरेचा घोळ तर याहून मोठा. कपभर दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम भरते आणि कपभर पिठीसाखर सुमारे १२०. म्हणून "एक कप साखर दळून घ्या" आणि "एक कप पिठीसाखर घ्या" यांत ऐंशी ग्रॅमचं अंतर आहे. नानकटाई ओव्हनमध्ये पसरून पापडासारखी झाली असेल तर आधी हे तपासा, मग तुपाला दोष द्या. बेसनाचंही तेच: गिरणीतून आणलेलं लाडवाचं जाडसर पीठ आणि पाकिटातलं मऊ, बसलेलं पीठ, दोन्ही वाटीत वेगवेगळं मावतं.

कप कुठल्या गावचा

मोजायचे कप विकत आणलेत म्हणून निश्चिंत होऊ नका. अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि राइस कुकरबरोबर येतो तो छोटा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा. आपल्या बाजारात २४० चेही मिळतात आणि २५० चेही, दांडीवर बहुतेक कोरलेलं असतं. एक कप घेतला तर फरक दहाच मिलीचा, पण अर्धा, पाव, तृतीयांश असे वेगवेगळ्या संचातले कप मिसळले की गणित बसत नाही. राइस कुकरच्या कपाने केक करणारी निदान एक व्यक्ती मला माहीत आहे. तिचं नाव सांगत नाही, ती माझ्या घरात राहते.

मेलबर्नला राहणाऱ्या नणंदेने पाठवलेल्या कृतीत "दोन टेबलस्पून" होतं. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. तेल असेल तर फार बिघडत नाही, बेकिंग पावडर असेल तर बिघडतं. अमेरिकेतल्या मंडळींकडून आलेल्या कृतीत "एक स्टिक बटर" दिसलं तर ते ११३ ग्रॅम धरा, आपलं १०० ग्रॅमचं पाकीट नव्हे. "यीस्टचं एक पाकीट" म्हणजे ७ ग्रॅम. आणि त्यांचं "लार्ज" अंडं कवच सोडून सुमारे ५० ग्रॅमचं असतं. आपलं गावरान अंडं त्याहून बरंच लहान निघू शकतं. अंडी वाटीत फोडून, फेटून, वजनाने घ्या. दोन ऐवजी अडीच लागली तर तेवढीच घाला, उरलेल्याचं आम्लेट होतं.

चिमूटभर गोष्टी जास्त घात करतात

मैदा दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाला तर केक थोडा वेगळा होतो. सोडा दोन ग्रॅम जास्त पडला तर केक साबणासारखा लागतो, रंग काळपट होतो आणि खाली बसतो. तरी आपण मैदा चाळून-बिळून मोजतो आणि सोडा चहाच्या चमच्याच्या टोकावर घेऊन "एवढा पुरे" म्हणतो.

साधारण हिशोब असा: कपभर मैद्याला बेकिंग पावडर एक ते सव्वा छोटा चमचा, किंवा नुसता सोडा असेल आणि सोबत दही-ताकासारखं आंबट काही असेल तर पाव छोटा चमचा. हा छोटा चमचा ५ मिलीचा, सपाट. घरातला चहाचा चमचा ५ मिलीचाच असेल याची काही खात्री नाही. तपासायला सोपं आहे: दहा चमचे पाणी काट्यावरच्या वाटीत घाला. ५० ग्रॅमच्या आसपास आलं तर तुमचा चमचा खरा. माझ्या आवडत्या नक्षीच्या चमच्याने ३७ ग्रॅम दाखवले. तो आता लोणच्याच्या बरणीत असतो.

चमचा सपाट करायला सुरीची पाठ वापरा. शीग ठेवलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. पाव चमच्याचं माप नसेल तर एक सपाट चमचा सोडा कागदावर घ्या, सुरीने लांबट चौकोन करा, चार सारखे भाग पाडा आणि एक उचला. सोड्यातल्या गाठी आधी बोटाने मोडा. कृती इंग्रजीत असेल तर मोठ्या चमच्याची खूण मोठ्या लिपीतली "टी" आणि छोट्याची छोट्या लिपीतली "टी" अशी कधी कधी असते. त्या एका अक्षराच्या आकारात तिपटीचा फरक आहे.

तूप, तेल, मध

हिवाळ्यात थिजलेल्या तुपाची शीग भरलेली वाटी आणि मे महिन्यातली पातळ तुपाची वाटी यांत किती फरक पडतो, ते डिसेंबरात केलेल्या शंकरपाळ्यांना विचारा. थिजलेल्या तुपात पोकळ जागाही राहतात आणि वर डोंगरही होतो, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी. कपभर पातळ तूप किंवा तेल सुमारे २१५-२२० ग्रॅम भरतं. तूप वजनानेच घेतलं की थिजलेलं का पातळ हा प्रश्नच उरत नाही. मध, गुळाचा पाक, कंडेन्स्ड मिल्क यांचं निम्मं माप वाटीलाच चिकटून राहतं. हे सरळ काट्यावरच्या पातेल्यात ओतावं.

पातळ पदार्थ खुणा असलेल्या भांड्यात मोजत असाल तर भांडं ओट्यावर ठेवून स्वतः वाका. हातात उचलून वरून बघितलं की चूक ठरलेली.

काट्यावर तरी किती विश्वास ठेवावा

आता सगळेच म्हणतात काटा घ्या. घ्या, पण त्यालाही तपासा. घरात खात्रीचं वजन नसतं असं वाटतं, पण पाकिटात असतं. दहा रुपयांचं दुरंगी नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. अशी दहा नाणी ठेवली की काट्याने ७७ दाखवायला हवेत, ७६ किंवा ७८ चालतील. एक रुपयाची नाणी यासाठी घेऊ नका, वेगवेगळ्या वर्षांतली वेगवेगळ्या वजनाची आहेत. मग काट्यावर अर्ध्या किलोचं भांडं ठेवा, त्यात चार नाणी टाका. आकडा ३१ ने वाढला पाहिजे. रिकाम्या काट्यावर बरोबर आणि भरलेल्यावर चूक दाखवणारे काटे असतात. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी ठेवून "५०० दाखवत नाही" म्हणून काटा परत करू नका. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, अर्धा लिटर सुमारे ५१५ ग्रॅम भरतं, वर पिशवीचं वजन. काट्यावर "मिली" चं बटण असतं तेही पाण्यापुरतंच खरं. तेल त्या बटणाने मोजू नका.

घरगुती काट्याचे नेहमीचे त्रास असे. परात मोठी असेल तर तिचा काठ भिंतीला किंवा मिक्सरला टेकतो आणि वजन कमी दिसतं. बॅटरी उतरली की आकडा भटकतो. कणीक मळता मळता आपण फोन घ्यायला जातो, तेवढ्यात काटा आपोआप बंद होतो आणि टेअर केलेला, म्हणजे भांड्याचं वजन वगळून आणलेला, शून्य हरवतो. यावर उपाय म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन त्याच्या बुडाला नेलपॉलिशने लिहून ठेवणं. माझ्या मोठ्या पातेल्याखाली ४३८ लिहिलेलं आहे, त्याने मला अनेकदा वाचवलं.

एक दोष मात्र चटकन लक्षात येत नाही. स्वस्त काट्यावर चिमूट-चिमूट करत काही घातलं तर आकडा हलतच नाही, कारण अगदी बारीक बदल काटा स्वतःचीच हालचाल समजून शून्यात जिरवतो. आपण घालत राहतो, तो शून्यच दाखवत राहतो. म्हणून १ ग्रॅमच्या काट्यावर मीठ, सोडा, यीस्ट थेट मोजू नये. त्यांना चमचा, नाहीतर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा.

जिथे ग्रॅम कामाचे नाहीत

रव्याच्या लाडवाच्या पाकात पाणी किती घातलं याला फारसा अर्थ नाही. ते उकळून जाणारच असतं. तिथे माप तारेचं, एकतारी की दोनतारी. पाणी वाटीने मोजून, घड्याळ लावून गॅस बंद करणाऱ्यांचे लाडू एकदा भगराळे आणि एकदा दगड होतात.

पिठाची तहानही दर वेळी निराळी. जुन्या तांदळाची पिठी नव्यापेक्षा जास्त पाणी मागते. मोदकाच्या उकडीला पिठीइतकंच पाणी, हे प्रमाण सुरुवातीला ठीक, पण दोन चमचे गरम पाणी बाजूला ठेवा आणि उकड मळताना हाताला काय वाटतं ते बघून घाला.

चकलीत मात्र मोजायचं काय आणि अंदाजाने घ्यायचं काय, हे वेगळं करावं लागतं. मोहन मोजायचंच. अर्धा किलो भाजणीला ५०-६० ग्रॅम तेल. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते किंवा झाऱ्यावरच तुटते, कमी झालं तर कडक होते. तेल गार असताना मोजा, मग कडकडीत करा. गरम तेल फुगलेलं असतं, त्यामुळे तापलेल्या कढईतून पळीने घेतलेलं मोहन मोजलेलं नसतं. पाणी मात्र हाताने. भाजणी या वर्षीच्या डाळीची, गिरणीवाल्याने बारीक दळलेली, की मागच्या महिन्यात डब्यात राहिलेली, यावर ते बदलणारच. जमलेल्या घाण्याला किती पाणी लागलं ते लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

कृती दुप्पट करताना डब्याचा आकारही मापच आहे. सहा इंची गोल डब्याचा केक आठ इंचीत करायचा तर साहित्य सव्वापट नव्हे, पावणेदोनपटीहून थोडं जास्त लागतं, कारण वाढतं ते क्षेत्रफळ. छत्तीसाचे चौसष्ट होतात.

हसणारे अनारसे

शेवटचा किस्सा अनारशांचा, कारण त्यात काटा होता, वजनं बरोबर होती, आणि तरी अनारसे हसले. ज्यांनी केले नसतील त्यांच्यासाठी: तुपात सोडल्यावर अनारसा जाळी धरण्याऐवजी फुटून पसरला, की तो हसला म्हणतात. करणारीला हसू येत नाही.

सासूबाईंच्या वहीत लिहिलं होतं, "तांदळाइतका गूळ." मी अर्धा किलो तांदूळ मोजले, तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, निथळून पंचावर पसरले, दमट असतानाच दळून चाळले. मग काट्यावर पीठ किती भरलं ते बघून तेवढा गूळ किसला. सगळे हसले. दुसऱ्या वर्षी सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तांदळाइतका म्हणजे कोरड्या तांदळाइतका. ओल्या पिठाइतका नाही." भिजलेला तांदूळ पाणी पिऊन साधारण पाव भागाने जड होतो. मी तेवढा गूळ जास्त घातला होता, आणि वजनाचा आकडा अगदी काटेकोर होता.

तेव्हापासून वहीत नुसतं "५०० ग्रॅम" लिहीत नाही. कधीचे ५०० तेही लिहिते: भिजवण्याआधीचे, सोलल्यानंतरचे, किसलेलं की खडा, कच्चं की शिजलेलं. आणि अनारशाचं वाटीभर पीठ गूळ न घालता वेगळं ठेवते. पहिला अनारसा तुपात हसला तर त्यातलं थोडं मिसळायचं, जाळीच पडत नसेल तर पिठाला दुधाचा हात लावायचा, आणि दुसरा एकच सोडून बघायचा. दोन्हीही हसले तर गॅस बंद करून तूप थोडं निवू द्यायचं, कारण कधी कधी चूक खरंच मापाची नसते.